न्यू जर्सीत अंगणात निवडुंग जगेल का? बर्फ आणि दमट उन्हाळा, दोन्ही आहेत

जर्सीकर_नवा

नमस्कार मंडळी. मध्य जर्सीत घर घेतलं, हा पहिलाच उन्हाळा. घराच्या दक्षिण बाजूला भिंत आणि ड्राइव्हवे यांच्या मध्ये एक पट्टी आहे, साधारण तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद. दिवसभर रणरणतं ऊन. तिथलं गवत जूनपासूनच पिवळं पडलंय आणि मशीन तिथे नीट वळत नाही. माती लालसर, चिकट. पाऊस झाला की बुटांना लागून घरात येते, मग बोलणी मलाच.

बायकोला तिथे हायड्रेंजिया हवाय. मला वाटतं तिथे निवडुंग लावावा. पाणी नको, कापणी नको. आई सध्या सहा महिन्यांसाठी आली आहे (आमचं गाव दहिवडीकडे), ती म्हणते, "फड्या निवडुंग उन्हातला गडी. बर्फात दोन दिवसांत त्याचा चिखल होईल."

तर प्रश्न असे: उणे १५ मध्ये उघड्यावर टिकणारा निवडुंग खरंच असतो का? इथला उन्हाळा घामट, पाऊस बारमाही, तो चालतो का? दुकानात तो गोल, पिवळ्या काट्यांचा मोठा कॅक्टस मिळतो, तो लावू का? आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे. तेवढं लक्षात घेऊन सांगा.

---

खटाववाली

आईंना माझा नमस्कार सांगा, मी तुमच्या शेजारच्या तालुक्यातली. आणि हेही सांगा की फड्या निवडुंग आपल्या गावचा नाहीच, तो इकडून तिकडे गेला. एक रिप्सॅलिस सोडला तर सगळं कॅक्टस कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या बांधावरचा शेर आणि वई-निवडुंग हे वेगळे, ते युफोर्बिया. मोडले की पांढरा चीक गळतो ते. ते इथे उघड्यावर एक हिवाळाही काढणार नाहीत. पण फड्या निवडुंगाचा सख्खा भाऊ जर्सीतच रानात वाढतो. सँडी हूकला समुद्रावर गेलात तर वाटेच्या कडेला वाळूत बघा, चपट्या हिरव्या पानांचे ताटवे दिसतील. ओपन्शिया ह्यूमिफ्यूसा. लोक ईस्टर्न प्रिकली पेअर म्हणतात. दक्षिण जर्सीतल्या पाइन बॅरन्स जंगलाच्या वाळूतही आहे. तिथून उपटून आणू नका, सँडी हूक राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे आणि तिथलं काही उचलणं हा गुन्हा आहे. रोपं नर्सरीत मिळतात.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. हा निवडुंग मूळचा इथलाच, इथली थंडी पिढ्यानपिढ्या सोसतोय.

आता खरी गोष्ट. थंडीची काळजी सोडा, पाण्याची करा. आपला भाग झोन ७ मध्ये येतो, म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने उणे १८ ते उणे १२ सेल्सिअसच्या मधली. डेन्व्हर आपल्याहून गार, आणि तरी तिथल्या बागांत आपल्या कितीतरी पट जातींचे कॅक्टस उघड्यावर असतात. का? तिथे वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे साडेअकराशे ते बाराशे, म्हणजे पुण्याहून जास्त, आणि तोही बारा महिन्यांत सारखा वाटलेला. पुण्यात निदान ऑक्टोबर ते मे झाडाला अंग वाळवायला वेळ मिळतो. इथे फेब्रुवारीत वरून बर्फ वितळतो, खालची माती गोठलेली, पाणी जाणार कुठे? निवडुंगाची मुळं त्या गार चिखलात आठवडे बसतात आणि बुडापासून कुजायला लागतात. एप्रिलमध्ये वरचं पान हिरवंगार दिसतं आणि हात लावला की अख्खं उपटून हातात येतं. मग लोक म्हणतात, थंडीनं मेला.

हे झाड थंडीत काय करतं ते पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री गार व्हायला लागल्या की ते स्वतःच आतलं पाणी कमी करतं. पानं (खरं तर ती खोडं, पण पान म्हणायची सवय आहे) सुरकुततात, जांभळट होतात, जमिनीवर लोळण घेतात. आत उरलेल्या रसात साखर आणि बुळबुळीत द्रव्य दाट होतं, त्यामुळे पेशींच्या आत बर्फाचे खडे होत नाहीत. डिसेंबरात हे ध्यान बघवत नाही. शेजारीपाजारी "युअर कॅक्टस इज डेड" म्हणून हळहळून जातात. त्यांना म्हणू द्या. मेच्या मध्यापर्यंत उपटायचं नाही. पहिला गरम आठवडा आला की पाणी पिऊन परत ताठ उभं राहतं, जूनमध्ये पिवळी फुलं. एक फूल एकच दिवस टिकतं, पण कळ्या एकापाठोपाठ उमलत राहतात.

आता तुमची लाल चिकणमाती. ती मलाही चांगली ठाऊक आहे, खालच्या लाल शेल खडकाची ती माती. तिच्यात खड्डा खणून त्यात वाळू भरायची, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका. चिकणमातीतला वाळू भरलेला खड्डा म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी गोळा करणारं डबकं. खाली जायचं नाही, वर यायचं. जमिनीच्या वर किमान ३० सेंटिमीटर उंच वाफा करा. लाकडी फळ्या, दगड, विटा, जे घरमालकिणीला आवडेल ते. तळाला मोठ्या दगडगोट्यांचा थर घालतात, त्याचा काही उपयोग नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, उलट वरच्या थरातच अडकून बसतं. तळापासून वरपर्यंत मिश्रण एकच ठेवा.

मिश्रण माझ्या मते असं: निम्मी धुतलेली जाड वाळू (काँक्रीट सँड म्हणून मागा), पाव भाग बारीक खडी, पाव भाग तुमचीच माती. मुलांच्या खेळायची वाळू नको, ती फार बारीक, ओली झाली की घट्ट बसते. फीड स्टोअरमध्ये कोंबड्यांना घालायची ग्रॅनाइट ग्रिट मिळते, ती खडीच्या जागी फार छान. त्याच रांगेत शिंपल्यांचा चुरा असतो, तो घेऊ नका. कंपोस्ट, पीट, शेणखत यातलं काहीही नको. आपल्या लोकांचा हात शेणखताकडे आपोआप जातो, म्हणून दोनदा सांगते: नको. खत मिळालं की निवडुंग उन्हाळ्यात गुबगुबीत होतो आणि तसाच फुगलेला हिवाळ्यात शिरतो.

हिशेब करून देते. तीन बाय एक मीटर, ३० सेंटिमीटर उंच, म्हणजे ०.९ घनमीटर. इथे विकणारे यार्डात मोजतात, एक यार्ड म्हणजे पाऊण घनमीटरच्या थोडं वर. सगळं मिळून सव्वा यार्डाच्या आत बसेल, त्यात पाव भाग तुमची माती. वजन दीड टनाच्या आसपास. पिशव्या विकत आणत बसू नका, कंबर जाईल आणि पैसेही. मोकळा माल ट्रकने ड्राइव्हवेवर टाकून घ्या, तुमची जागा अगदी शेजारी आहे.

आणि एक, हे कोणी सांगत नाही. वाफा घराच्या भिंतीला टेकवून भरू नका. माती साइडिंगला (भिंतीवरच्या बाहेरच्या फळ्यांच्या आवरणाला) लागली की ओल, वाळवी, सगळं घरात. साइडिंगच्या खाली किमान १५ सेंटिमीटर पाया उघडा दिसायला हवा आणि वाफ्याचा उतार घरापासून ड्राइव्हवेकडे. छपराची पन्हळ तिथे गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा. भिंतीच्या अगदी जवळ, वळचणीखाली पाऊस कमी पडतो, ती जागा नाजूक जातींसाठी राखून ठेवा.

तो गोल, पिवळ्या काट्यांचा गोल्डन बॅरल मध्य मेक्सिकोचा. दिसतो देखणा, पण जानेवारीतल्या एका रात्रीत त्याचं पिठलं होईल. कुंडीत ठेवा, ऑक्टोबरात घरात घ्या. दुकानात पाटीवर "कॅक्टस" एवढंच लिहिलेलं असेल तर घेऊ नका. लॅटिन नाव नसलेला कॅक्टस बागेत लावणं म्हणजे लॉटरी.

मुलीचं वेगळं लिहिते, जेवण व्हायचंय.

---

मैलभर_उंच

डेन्व्हरहून. काकूंनी आमचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आमच्याकडे डेन्व्हर बोटॅनिक गार्डनमध्ये उघड्यावर ठेवलेले कॅक्टस पाहण्यासारखे आहेत, कधी आलात तर मे-जूनमध्ये या. थंडी ही अडचण नाही हे शंभर टक्के मान्य. ओपन्शिया फ्रॅजिलिस नावाचा बोटभर उंचीचा निवडुंग कॅनडात पार पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत जातो. तिथे उणे ४० काही नवलाचं नाही.

पण काकू, नुसता एक ह्यूमिफ्यूसा लावायचा? ओपन्शिया पॉलियाकँथाचे गुलाबी, नारिंगी, लाल फुलांचे किती प्रकार मिळतात! इकायनोसिरियस ट्रायग्लोकिडिएटसची शेंदरी फुलं बघितलीत की वेड लागेल. वाफा एवढा छान करणारच आहेत तर तेही लावा की. आणि उन्हाळ्यात पाणी अजिबात नको असं नाही. आम्ही जून-जुलैत दहा-पंधरा दिवसांतून एकदा भरपूर देतो.

---

खटाववाली

दादा, तुमच्याकडे बर्फ पडतो आणि दोन दिवसांत उन्हाने उडून जातो. आमच्याकडे तो मुक्कामाला येतो आणि जाताना चिखल ठेवून जातो. पॉलियाकँथा मी इथे पाहिलाय. जगतो, पण ऑगस्टात पानांवर काळे खवलेदार डाग येतात, बुरशी. दरवर्षी निम्मी पानं डागाळलेली, फुलं मात्र थोडी. ज्यांना आवडतं त्यांनी लावावा, मी नव्या माणसाला सांगणार नाही. तुमचा तो शेंदरी इकायनोसिरियस तर त्याहून कोरड्या डोंगराचा.

माझा नियम साधा आहे. कॅक्टस निवडताना तो किती थंडी सोसतो हे नंतर बघा, आधी तो जिथला आहे तिथे पाऊस किती पडतो ते बघा. पूर्वेकडच्या, ओलसर बाजूच्या जाती घ्या. ह्यूमिफ्यूसा झाला. त्याचीच बहीण ओपन्शिया सेस्पिटोसा, अपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेची, कॅनडात पॉइंट पेलीपर्यंत जाणारी. तिच्या पिवळ्या फुलाच्या पोटात लाल रंग असतो, दोन्ही शेजारी लावले की फार सुंदर दिसतात. बऱ्याच नर्सऱ्या दोन्ही ह्यूमिफ्यूसा म्हणूनच विकतात, फूल बघूनच घ्या.

उभट, गोल काही हवं असेल तर इकायनोसिरियस राइकेनबाकी, त्यातही बेलीआय हा प्रकार. तो ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांच्या ग्रॅनाइटवरचा. तिथे वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तोही बराचसा उन्हाळ्यात. म्हणून तो दमटपणाला घाबरत नाही, फक्त बुडाशी दगडी चुरा हवा. वीतभर उंची, झाडापेक्षा मोठी वाटणारी गुलाबी-जांभळी फुलं. तो वळचणीखालच्या जागेत. एस्कोबारिया मिसुरिएन्सिसही तिथेच चालेल, सुपारीएवढा असतो, पण लाल फळं धरली की हत्तीएवढा तोरा मिरवतो.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे आकाश देतं. जुलैत तीन आठवडे ठणठणीत कोरडे गेले तर एकदा द्यावं. सप्टेंबर लागला की नळ बंद.

---

उत्तर_कॅरोलिना_दक्षिण_सोलापूर

रॅलीहून. आमच्याकडे जर्सीपेक्षा थोडी ऊब जास्त आणि घाम दुप्पट. इथल्या जेसी रॉलस्टन अर्बोरेटममध्ये कोरडवाहू झाडांचा वेगळा भाग आहे. दमट हवेत कॅक्टस कसा ठेवतात ते शिकायला ती जागा एकदम योग्य. सगळं उंचवट्यावर आणि खडीवर.

काकूंच्या यादीत एक भर. उंच काही हवं असेल तर सिलिंड्रोपन्शिया इंब्रिकाटा. छातीएवढा होतो, फुलं राणी कलरची. आमच्या मातीत मस्त वाढतो. पण तीन वर्षांची मुलगी असलेल्या घरात नाही, अजिबात नाही. त्याच्या काट्याला उलटी कूस असते, नुसता हात लागला तरी अख्खी फांदी तुटून सोबत येते. आमच्या कुत्र्याला विचारा.

बिनकाट्याचा हवा असेल तर एलिसियाना नावाचा ओपन्शिया आहे, मूळ टेक्सासचा. आमच्याकडे बिनधास्त राहतो. तुमच्याकडे भिंतीलगत जमेल बहुतेक, पण कडक हिवाळ्यात मार बसू शकतो.

आणि पांढरा कापूस दिसला तर घाबरू नका. पानांवर कापसासारखे ठिपके, चिरडले की बोट लालभडक. ती कोचिनील किड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा, दर आठवड्याला, संपेपर्यंत.

---

कोथरूडची_गच्ची

मध्येच बोलते, माझा निवडुंग गच्चीवर कुंड्यांत, बर्फाशी संबंध नाही. पण कोचिनील म्हटल्यावर राहवेना. हाच किडा लाल रंगासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ च्या सुमाराला कलकत्त्याला आणवला होता. हवा होता रंग देणारा चांगल्या प्रतीचा, आला जंगली. रंगाचा धंदा बसला, पण किड्याने एका जातीचा निवडुंग देशभर खाऊन साफ केला. दुसरी जात दक्षिणेत माजली होती, तिच्यावर १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा कोचिनील आणून सोडला, तीही आटोक्यात आली. म्हणून जर्सीकर, आईंच्या लहानपणी बांधावर फड्या निवडुंग जेवढा होता त्याहून त्यांच्या आजीच्या लहानपणी बराच जास्त असणार. विचारून बघा.

दमटपणाबद्दल पुण्याचा अनुभव एवढाच: पावसाळ्यात मी कुंड्यांवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकते, बाजू चारही उघड्या. वरून पाणी नको पण वारा हवा. प्लास्टिकने गुंडाळलं तर पावसाने मरत नाही ते आतल्या वाफेने मरतं. जर्सीत हिवाळ्यात असं काही करतात का?

---

खटाववाली

गच्ची, छान आठवण केलीत. पत्रा चालतो. नोव्हेंबर ते मार्च, तिरका, बाजू उघड्या. पण ह्यूमिफ्यूसाला गरज नाही, फक्त त्या विचिटावाल्यासाठी. बर्फ पडला तर तो झाडावर राहू द्या, बर्फाची रजई उणे १५ च्या वाऱ्यापेक्षा बरी. फक्त ड्राइव्हवे साफ करताना फावड्याने मीठ मिसळलेला बर्फ त्या वाफ्यात फेकू नका. जर्सीकर, तुमचा वाफा ड्राइव्हवेला लागून आहे, म्हणून मुद्दाम सांगते. तिथे मिठाऐवजी वाळू टाका. आणि नोव्हेंबरातली मेपलची ओली पानं त्यात साचू देऊ नका. ओल्या पानांचा ढीग कुजवायला पावसापेक्षा वाईट. काट्यांतून हाताने वेचत बसाल तर रडाल, ब्लोअरने उडवा.

आता मुलीचं. काटे दिसतात, त्यांची भीती नाही. भीती कुसळांची. पानावरच्या प्रत्येक डोळ्यावर (ठिपक्यावर) तपकिरी, केसाहून बारीक कुसळांचा झुपका असतो, स्पर्श झाला की शेकड्याने बोटात. ह्यूमिफ्यूसाला मोठे काटे फारसे नसतातच, त्यामुळे तो गरीब दिसतो आणि मुलं हात लावतात. तेव्हा वाफ्याच्या ड्राइव्हवेकडच्या कडेला हातभर रुंद नुसती खडी ठेवा, निवडुंग आत, भिंतीकडे. सायकल शिकायच्या वयात ती तिथे पडणारच आहे असं धरून चाला.

लागलंच तर चोळायचं नाही, तोंडात बोट घालू द्यायचं नाही. दिसतील तेवढी चिमट्याने काढा. उरलेल्यांवर शाळेतला पांढरा गोंद लावा, त्यावर गॉजचा तुकडा दाबा, पूर्ण वाळू द्या, मग सोलून काढा. सेलोटेपने थोडीफारच निघतात.

मुलीला एक गंमत दाखवा, जूनमध्ये. उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना काडीने हळूच शिवायचं. सगळे केसर आत, मधल्या दांडीकडे वळतात. मधमाशी आत शिरली की तिच्या अंगावर पराग माखायची ही युक्ती. काडी लांब घ्या म्हणजे झालं.

---

जर्सीकर_नवा

बाप रे, एवढं! मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. सँडी हूकचं ऐकून ती शनिवारी निघायचंच म्हणतेय. बोंडांबद्दल विचारते: गावाकडे लाल बोंडं खाऊन तोंड रंगवायचो, तशी इथल्याची खातात का? आणि दुसरं, आता जुलै निम्मा झाला. वाफा भरून, रोपं आणून लावेपर्यंत ऑगस्ट उजाडेल. लावू का पुढच्या वर्षी?

बायकोने हायड्रेंजिया उत्तरेच्या बाजूला मंजूर केलाय, तहाची बोलणी यशस्वी.

---

खटाववाली

बोंडं खातात. ह्यूमिफ्यूसाची लहान असतात, अंगठ्याएवढी, बियांनी भरलेली, चव साधारण. आईंना निराश करायचं नाही पण माणदेशातली बोंडं ती माणदेशातली. खाण्याआधी कुसळं जाळून किंवा घासून काढायची, त्यांना ठाऊक असेलच. सँडी हूकला तोडायची नाहीत!

वाफा आत्ताच भरा, पण रोपं मेच्या मध्यानंतर. ऑगस्टात लावलेल्याला मुळं धरायला जेमतेम दोन महिने मिळतात आणि मग थंडी. हिवाळाभर रिकामा वाफा पावसात नीट बसेल, कुठे पाणी साचतं तेही कळेल. मार्चमध्ये जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने बाहेर जाऊन बघा. वर पाणी उभं असेल तर आणखी खडी मिसळा. तण मात्र आत्तापासून उपटत राहा, गवताची एक काडीही राहू देऊ नका. निवडुंगात घुसलेलं गवत उपटण्यापेक्षा कुसळं काढणं सोपं.

रोपं विकत घ्यायची गरज नाही. माझ्याकडे ह्यूमिफ्यूसाचा ताटवा पायवाटेवर आलाय, मला तो छाटायचाच आहे. मेच्या शेवटी निरोप पाठवा, पानं देते. सावलीत दहा-बारा दिवस ठेवून तोडलेली कड वाळू द्यायची, मग एक तृतीयांश पान वाळूत खोचायचं, दोन आठवडे पाणी नाही. बस, लागतं.

येताना जुनं वर्तमानपत्र आणा, पान घडीत धरायला. चामड्याचे हातमोजे नकोत, कुसळं त्यांत कायमची बसतात आणि पुढच्या वर्षी टोमॅटो लावताना बाहेर येतात. सांडशी सगळ्यात चांगली, पण आईंची स्वयंपाकघरातली उचलून आणू नका. एकदा इथे वापरली की ती परत दुधाच्या पातेल्याला लावता येत नाही. माझी गंजकी आहे, तीच वापरू.